साखालिनवरून सरळ

शेवटी सूड पुरा झाला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, तोइनाईच्या थांब्यावर, साठएक माणसं आणि सील या समुद्री प्राण्याचं माणसाएवढं एक कापडी सोंग यांच्या डोळ्यांदेखत ताकिनामी तोराओने उसुई मासानोबुचं तोंड शेवाळाच्या हिरव्या सॉफ्टीत गालांपर्यंत दाबलं.

पण असं काही झालं नाही. शिक्का-यात्रा समितीच्या अहवालात ‘सन्माननीय पाहुण्यांनी स्थानिक उत्पादनाचा अगदी जवळून आस्वाद घेतला’ एवढंच आहे, आणि अहवालावर तीन शिक्के आहेत. ज्यावर शिक्का आहे ते झालं, ज्यावर नाही ते झालं नाही, हे जपानच्या होक्काइदो बेटावर शेंबड्या पोरालाही कळतं. तेव्हा आपणही ते झालं नाही असंच धरू आणि जे झालं तेवढंच सांगू.

तोराओने छत्तीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. तोकाचीच्या सपाटीवर, शिमोनुप्पु गावाच्या आसपासच्या गोठ्यांवर जायचं, दूध भरायचं, कारखान्यात ओतायचं, परत यायचं. पृथ्वीला कित्येक वेढे बसतील एवढं अंतर त्याने कापलं, आणि ते सगळं एका तालुक्याच्या आत. तो निवृत्त झाला त्या दिवशी त्याची बायको सायोको म्हणाली, “अहो, आता मला जरा लांब न्या. जिथे गाई तुम्हाला ओळखत नाहीत अशा ठिकाणी.”

आणि तिने शिक्क्यांची वही विकत आणली.

या बेटाच्या हमरस्त्यांवर सव्वाशे थांबे आहेत. गाडी लावायला जागा, स्वच्छ संडास, शेतकऱ्यांची भाजी, कसली ना कसली सॉफ्टी, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर दोरीने बांधलेला रबरी शिक्का. वहीत प्रत्येक थांब्याला एक चौकोन. सगळे चौकोन भरले की समिती प्रमाणपत्र देते. एवढ्यासाठी दर वर्षी हजारो शहाणीसुरती माणसं गाडीत झोपतात, गाडीत दात घासतात आणि हरणं आडवी आली की एकमेकांना दोष देतात.

सायोकोची शिक्का मारायची एक रीत होती. आधी रद्दी कागदावर एकदा मारून बघायचा. मग केसांतला कंगवा काढून चौकोनाच्या खालच्या कडेला टेकवायचा, शिक्का त्याला लावून सरळ उभा करायचा, आणि दाबायचा. वर लगेच टीपकागद. “श्वास घेऊ नका,” ती तोराओला सांगायची. शिक्का ती मारायची, श्वास हा रोखायचा. असे एक्केचाळीस शिक्के झाले. एकही तसूभर कललेला नाही. बेचाळिसाव्याला निघायचं होतं त्या आठवड्यात सायोको आजारी पडली, आणि मग निघाली ती दुसरीकडेच.

दवाखान्यात तिने दोनच गोष्टी सांगितल्या. “वही अर्धी ठेवू नका,” आणि जरा वेळाने, “कंगवा घेऊन जा.”

तोराओने ठरवलं, वही पुरी करायची आणि देव्हाऱ्यात तिच्या फोटोपुढे उघडून ठेवायची. आता त्याला जगात एवढंच एक काम उरलं होतं.

इथे उसुई मासानोबु येतो. तोराओचा शाळेपासूनचा मित्र, शिमोनुप्पुतल्या एकमेव सलूनचा मालक. “एकट्याने एवढी गाडी हाकू नकोस, डुलकी लागेल,” असं म्हणून तो स्वतःची नवी वही घेऊन बाजूच्या सीटवर बसला आणि पुढचे दोन हंगाम तिथे डुलक्या घेत राहिला. जागा असला की बोलायचा. झोपला की घोरायचा. त्याच्या वहीसाठी आधीचे एक्केचाळीस थांबेही पुन्हा घेतले; तोराओ कंगवा लावून एकेक नवा शिक्का मारत गेला. सायोकोच्या एक्केचाळिसावर आणखी त्र्याऐंशी झाले. शेवटचा उरला तोइनाईचा, थेट उत्तरेच्या किनाऱ्यावरचा.

तोइनाईला समुद्रावरून असा वारा येतो की तिथली माणसं दार उघडण्याआधी दाराशी बोलून घेतात. तोराओला ते ठाऊक नव्हतं. तो गाडीतून उतरला आणि दाराने त्याच्या उजव्या हाताची चार बोटं धरली. थांब्यावरच्या बायकांनी पट्टी बांधली. हात पंज्याएवढा न राहता फणसाएवढा झाला.

“आण इकडे, मी मारतो,” उसुई म्हणाला.

“थांब, कंगवा—”

“अरे, पन्नास वर्षं हातात कंगवा धरतोय मी. मला कंगवा शिकवतोस?”

टेबलाच्या पलीकडून, दोरी पुरेना म्हणून वाकून, रद्दी कागदावर मारून न बघता, त्याने शिक्का हाणला. ठप्प.

शिक्क्यावर तोइनाईचं दीपगृह होतं, त्याखाली सील आणि लाटा. वहीत दीपगृह डोक्यावर उभं राहिलं, सील उताणा पडला आणि समुद्र आभाळात गेला.

“मासानोबु.”

“काय?”

“उलटा आहे.”

उसुईने मान वाकडी केली. “कुणाकडून उलटा?”

“माझ्याकडून.”

“मग तू चुकीच्या बाजूला उभा आहेस.” काचेबाहेर हवा स्वच्छ होती, समुद्रापलीकडे रशियाच्या बेटाची निळी रेघ दिसत होती. उसुईने तिकडे बोट दाखवलं. “ते बघ साखालिन. तिथून बघितलंस तर सरळच आहे की!”

आणि तो हसला. पट्टी बांधणाऱ्या बायकाही हसल्या. मग उसुईने स्वतःच्या वहीत, आधी रद्दीवर दोनदा मारून बघून, अगदी सुतात शिक्का मारला आणि शिंपल्यांचं रामेन, म्हणजे रश्शातल्या शेवया, खाल्लं. दोन वाडगे.

चूक तोराओने पोटात घातली असती. हसणंही घातलं असतं. साखालिन जाईना. चारशे किलोमीटर तो एक शब्द बोलला नाही. उसुईला ते कळलं नाही, कारण तो झोपला होता.

नवी वही घेता आली असती. पण नव्या वहीत सायोकोचे एक्केचाळीस कुठून आणणार? तोराओने वही देव्हाऱ्यात ठेवली. शेवटचं पान उलटं. वही फिरवून ठेवली. आता एकशे चोवीस उलटे. फोटो फिरवायचा विचार त्याने केला आणि सोडला, कारण सायोकोला प्रवासातही डोकं खाली गेलं की मळमळायचं.

मग त्याने समितीला पत्र लिहिलं. चौदाव्या दिवशी कोणा शिगेमात्सु नावाच्या कार्यवाहांचं उत्तर आलं. चौकोनात एकदाच शिक्का मारता येतो. शिक्क्याने कोणत्या दिशेला पाहावे याविषयी नियम मौन आहेत. सबब आपला शिक्का पूर्णपणे वैध आहे. हार्दिक अभिनंदन.

‘वैध’ हा शब्द तोराओला फार लागला. आपलं दुःख वैध निघालं की माणसाने दाद मागायची कुणाकडे?

त्याच आठवड्यात गावच्या पत्रिकेत फोटो आला: ‘शिमोनुप्पुच्या उसुई-सानांनी बेट जिंकलं.’ खाली बारीक अक्षरात, ‘गाडी चालवणारे: ताकिनामी’. उसुईने तो कापून सलूनच्या आरशावर चिकटवला. आता गावात ज्याला केस कापायचे त्याला तो फोटो बघत बसावं लागे. तोराओने केस कापणं बंद केलं. दुसरं सलून चाळीस किलोमीटरवर होतं, पण तिकडे जाणं म्हणजे सूड पातळ करणं झालं असतं.

बर्फ पडलं, साचलं, रस्त्याची कड दाखवणारे वरचे बाण तेवढे दिसत राहिले. केस कानांवर आले. तोराओ शेगडीपाशी बसून डूख जोपासत होता. उसुईला सव्वाशे थांब्यांवर जाऊन जो मान मिळाला तो त्याच सव्वाशे थांब्यांवर धुळीला मिळवायचा, हे ठरलं. कसा, ते फेब्रुवारीत सुचलं. प्रत्येक थांब्यावर शिक्क्याशेजारी एक अभिप्राय वही असते. येणारेजाणारे तीत ‘मका गोड होता’, ‘कोल्हा दिसला’ असं काहीबाही लिहितात. तोराओ त्यात लिहिणार होता. उसुईच्या नावाने. उसुईच्या तोंडून उसुईची सगळी लक्तरं.

एप्रिलअखेर घाटातले थांबे उघडले आणि केस मानेवर घेऊन तो निघाला, पूर्वेकडून. पहिला थांबा कुशिरोच्या अलीकडचा. तिथे दारातच सिमेंटची गाय होती. तोराओने अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पेन डाव्या हातात धरलं आणि लिहिलं:

‘मी उसुई मासानोबु, शिमोनुप्पुचा सलूनवाला. मला गाईची भीती वाटते. जन्म गाईंच्या गावात गेला, पण वाटते. तुमच्या दारात गाय आहे म्हणून मी गाडीतून उतरलो नाही. मित्राने दूध आणून दिलं. ते मी डोळे मिटून प्यालो. मित्राचे मी आभार मानले नाहीत. मी कधीच मानत नाही.’

डाव्या हाताची अक्षरं वाऱ्यातल्या कुंपणासारखी एका बाजूला झुकली होती. वाचून तोराओला बरं वाटलं. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

नेमुरोच्या बाजूला त्याने लिहिलं: ‘मी घोरतो. दोन वर्षांत मी गाडीतून या बेटाचा एकही डोंगर पाहिला नाही. घरी मात्र सगळे डोंगर वर्णन करून सांगतो. बायको विचारते, रंग कसा होता? मी म्हणतो, डोंगरासारखा.’

ओखोत्स्कच्या किनाऱ्यावर: ‘माझ्या मित्राची बायको वारली. तिची वही होती. तिच्यावर मी उलटा शिक्का मारला आणि विनोद केला. मग मी दोन वाडगे रामेन खाल्लं. रामेन चांगलं होतं. हेच सगळ्यात वाईट.’

हे लिहिल्यावर तोराओ गाडीत जाऊन बसला. त्याला वाटलं, आता बस. आता याला कुणी दारात उभं करणार नाही.

आबाशिरीच्या पुढच्या थांब्यावर वही उघडली तर आधीच कुणीतरी लिहून ठेवलेलं: ‘उसुई-सान, कुशिरोपासून तुम्हाला वाचत येतोय. मलाही गाईची भीती वाटते. मी पशुवैद्य आहे. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘उसुई-सान इथे अजून आले नाहीत का? आम्ही मंगळवारपासून गाडी लावून बसलोय.’ त्याखाली एका बाईने, ‘तुमचं रामेनचं वाचून मी सासूबाईंची माफी मागितली. त्यांनी दिली नाही. पण बरं वाटलं.’

तोराओच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याने जास्त वाईट लिहायला घेतलं. लिहिलं की उसुई दुसऱ्याच्या ताटातलं भजं ‘हे तू खाणार नाहीस ना’ असं विचारता विचारताच खातो. पुढच्या तीन थांब्यांवर लोकांनी वह्यांपाशी भजी ठेवली. लिहिलं की उसुई गिऱ्हाइकाचा एक कान दुसऱ्यापेक्षा खाली आहे हे मुद्दाम आरशात दाखवतो, म्हणजे माणूस महिन्याच्या आत परत येतो. त्याखाली बावीस माणसांनी आपापल्या कानांची मापं दिली. लिहिलं की तो शाळेत असताना नापास झाला आणि गुणपत्रक बदकाला खायला घातलं. रुमोइच्या थांब्यावर वहीचं पान लॅमिनेट करून भिंतीवर लावलं होतं, शेजारी बदकाचं चित्र.

“बाई, हे काढा,” तोराओ गल्ल्यावरच्या बाईला म्हणाला.

“का हो आजोबा? किती छान लिहितात ते!”

“छान? तो नालायक माणूस आहे.”

“हो ना!” तिचे डोळे पाणावले. “आणि कसं मोकळेपणानं सांगतात! आमच्या यांना कुठलं जमतंय.” मग तिने त्याच्या खांद्यापर्यंत आलेल्या केसांकडे बघितलं. “तुम्ही चित्रकार वगैरे का?”

“टँकर.”

“अरे वा,” ती म्हणाली, आणि यावर काय बोलावं ते न सुचून तिने त्याला खारवलेल्या मुळ्याचं पाकीट फुकट दिलं.

बेटाच्या खालच्या टोकाला, हाकोदातेच्या वाटेवर, त्याला फ्रिजमध्ये एक नवीन दूध दिसलं. बाटलीवर गाय होती आणि गाईच्या तोंडावर कागदी पडदा चिकटवलेला. ‘डोळे न मिटता प्या’, असं वर लिहिलं होतं. छत्तीस वर्षं तोराओने दूध वाहिलं, पण एकाही बाटलीवर कुणी त्याच्यासाठी काही चिकटवलं नव्हतं. त्याने एक घेतली. थंडगार होती. राग प्यायला तसं काही वाईट लागत नाही.

तिथेच उसुईच्या बायकोचा, चिझुएचा फोन आला.

“तोराओ-सान, कुठे आहात? इकडे या हो लवकर. दुकानापुढे चार गाड्या उभ्या आहेत. लोक विचारतायत, गाईला भिणारे इथेच का.”

“मग? चिडला असेल तो.” तोराओ सावरून बसला. या फोनची तो एप्रिलपासून वाट बघत होता.

“कोण, हे? छे हो! सह्या देतायत.”

“कसल्या सह्या? त्याने लिहिलंय का ते?”

“मी पण तेच विचारलं. तर म्हणतात कसे, ‘सहज सुचत गेलं.’” मग ती म्हणाली, “मला एक सांगा, डोंगरांचा रंग खरंच बघितला नव्हता का हो यांनी?”

“नाही.”

“वाटलंच होतं मला,” असं म्हणून चिझुएने फोन ठेवला.

म्हणजे वहीही याने नेली आणि आता बदनामीही. चोराने घर लुटावं आणि मागच्या दाराने घरमालक म्हणून सत्कारालाही यावं, असं झालं. तोराओच्या पोतडीत आता एकच गोष्ट उरली होती. ती वापरायची नाही असं त्याने ठरवलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी तसा शब्द दिला होता.

पण एरिमोला वारा फार आहे. बेट तिथे निमुळतं होत समुद्रात घुसतं, आणि उभा माणूस वाकडा होतो. तोराओचे केस तोंडावर, डोळ्यांत, वहीच्या पानांत गेले. ते एका हाताने मागे धरून दुसऱ्याने, डाव्याने, त्याने लिहिलं:

‘मी लोकांचे केस कापतो. माझे केस माझे नाहीत. टोप आहे. अठ्ठाविसाव्या वर्षापासून आहे. बायकोला माहीत नाही. एरिमोला मी गाडीची काच खाली केली नाही. मित्राला म्हटलं, मला सर्दी आहे. उसुई.’

मग त्याने पेन टोपणात घातलं. याहून खाली काही नव्हतं. गुण्यागोविंदाने पन्नास वर्षं चाललेल्या मैत्रीचा तळ दिसत होता आणि तळाशी एक टोप होता.

आठ दिवसांत एरिमोला टकलू माणसांची रांग लागली. वाऱ्यात टोप काढायचा, फोटो घ्यायचा आणि वहीत नाव लिहायचं. दोघातिघांचे टोप समुद्रात गेले आणि ते टाळ्या वाजवत राहिले. शिमोनुप्पुत उसुईने सकाळी दुकान उघडलं तेव्हा त्याचं डोकं उकडलेल्या बटाट्यासारखं चकाकत होतं आणि चिझुए त्याला चहा देत होती. आरशावर पत्रिकेच्या कात्रणाशेजारी आता समितीचं पत्र होतं: उसुई-सानांना ‘बेटाचे विशेष प्रवासी’ म्हणून गौरवण्यात येत आहे, ऑक्टोबरचा दुसरा रविवार, स्थळ तोइनाई. त्यांच्या निवडक अभिप्रायांच्या फलकाचं अनावरण होईल. अभिप्रायांत वारंवार उल्लेख आलेल्या मित्रासही सोबत आणावे.

तोराओ गेला. स्वतःच्या गाडीने, एकटा, वही आणि कंगवा छातीशी पिशवीत घेऊन. केस आता खांद्याखाली आले होते.

तोइनाईला हवा पुन्हा स्वच्छ होती. साखालिन निर्लज्जासारखं दिसत होतं. फलक दारातच होता, आणि त्यावर तोराओची झुकलेली कुंपणं मोठी करून काचेखाली बसवली होती. कापडी सील लोकांशी हात मिळवत होता. उसुई माइकपाशी उभा होता.

“मला काही लिहिता येत नाही,” उसुई नम्रपणे म्हणाला. “शब्द आपोआप आले.”

“आपोआप नाही आले!” तोराओ मागून ओरडला. “मी लिहिले!”

साठ माथी वळली. सीलही वळला. हातात फळी आणि कागद घेतलेला एक बुटका गृहस्थ गर्दीतून वाट काढत आला.

“आपण?”

“ताकिनामी. उलटा शिक्का.”

“अरे हो! वैध!” गृहस्थाचा चेहरा उजळला. “मी शिगेमात्सु. आपल्या पत्राला मीच उत्तर दिलं होतं. काय म्हणत होतात?”

“ते सगळं मी लिहिलंय. डाव्या हाताने.”

“दाखवा.”

तोराओने डाव्या हातात पेन घेतलं आणि फळीवरच्या कागदावर लिहिलं: मला गाईची भीती वाटते. शिगेमात्सुने कागद फलकाशेजारी धरला. एकेक अक्षर ताडून बघितलं. गर्दी श्वास रोखून होती.

“तंतोतंत,” शिगेमात्सु म्हणाला. “शंकाच नाही. आपणच.”

तोराओला वाटलं, सायोको, बघ.

“मग नियम अकरा लागू होतो,” शिगेमात्सुने फळीवरचं दुसरं पान उलटलं. “दुसऱ्याच्या नावे अभिप्राय लिहिणाऱ्याचं पूर्णत्व रद्द. वही आणली असेलच आपण. जमा करावी लागेल. नष्ट करतो आम्ही त्या, पण व्यवस्थित, विभागून, कागद वेगळा आणि टाके वेगळे.”

तोराओचा हात पिशवीवर गेला. पिशवीत एक्केचाळीस सरळ दीपगृहं, खेकडे, तुती, गरम झरे, बगळे होते, आणि प्रत्येकाखाली एक कंगवा टेकलेला होता.

“ते अक्षर माझं नाही,” तो म्हणाला.

“पण आत्ता माझ्यासमोर—”

“हात माझा नाही.”

शिगेमात्सुने फळी सरळ धरली. मग त्याने कागदावर ‘हात अर्जदाराचा नाही’ असं लिहिलं, खिशातून शिक्का काढला आणि मारला. सरळ.

लोकांनी सुस्कारा सोडला. कुणीतरी म्हणालं, “मित्र आहे बिचारा, भावनेच्या भरात बोलला.” मग दोघांच्या हातांत शेवाळाच्या सॉफ्टी देऊन त्यांना फलकाखाली फोटोसाठी उभं करण्यात आलं. “जवळ या. अजून जवळ. मित्रांसारखे.”

उसुई कानाशी लागला. “तोरा, टोपाचं माहीत असलेला माणूस जगात एकच होता. कोण लिहितंय ते मला पहिल्या गाईपासून माहितीये.”

तोराओने सॉफ्टी दुसऱ्या हातात घेतली.

“आभार मानणार नाही. मी मानत नाही, ते तूच लिहिलंयस. पण टोप काढल्यावर उन्हाळा काय गार गेला म्हणून सांगू!”

तोराओ समोर बघत होता. खरं तर त्या घडीला सगळं मिटलं असतं. माफीचा अर्धा शब्द पुरला असता. पाव चालला असता.

उसुईने काचेबाहेर बघितलं. “आणि हे बघ, हवा कशी आहे आज. इथून गेलास ना सरळ पलीकडे, तर तुझा शिक्का—”

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्यानंतर काही झालं नाही, हे आपण ठरवलंच आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. उसुईने हिरवं नाक वर करून, जीभ फिरवून “मीठ जरा कमी आहे” असं म्हटलं नाही. तोइनाईच्या थांब्यावर त्या रविवारपासून प्रत्येक सॉफ्टीबरोबर एक ओला रुमाल देतात. का देतात, ते तिथल्या बायका सांगत नाहीत.

तोराओ परत निघाला तेव्हा अंगात पिसासारखा हलका होता. तो सूड त्याला अठरा किलोमीटर पुरला. एकोणिसाव्याला त्याने गाडी कडेला घेतली, वही काढली, शेवटचं पान उघडलं. दीपगृह डोक्यावरच होतं.

घरी आल्यावर त्याने सायोकोपुढे भात ठेवला, केस मागे बांधले, आणि उजव्या हाताने, स्वतःच्या अक्षरात, कंगवा ओळीखाली टेकवून लिहायला बसला.

‘प्रति, माननीय कार्यवाह शिगेमात्सु-सान, शिक्का-यात्रा समिती.

विषय: तोइनाई येथील दीपगृह उलटे बांधून मिळणेबाबत.

महोदय,

आपल्या गेल्या वर्षीच्या पत्रान्वये माझ्या वहीतील शेवटचा शिक्का पूर्णपणे वैध आहे. वैध शिक्का चुकीचा असू शकत नाही. त्याअर्थी चूक दीपगृहाची आहे. सबब, सदर दीपगृह पाया वर व दिवा खाली करून, शक्यतो पुढील हंगाम सुरू होण्यापूर्वी, नव्याने उभारण्यात यावे. समुद्र वरच्या बाजूस घेण्याचे काम टप्प्याटप्प्याने केले तरी हरकत नाही. सीलांस उताणे राहण्याविषयी आपल्या स्तरावर समज द्यावी. साखालिन आहे तिथून हलवण्यात यावे. काम पूर्ण झाल्याचा दाखला, सरळ शिक्क्यासह, माझी दिवंगत पत्नी सायोको हिच्या नावे पाठवण्यात यावा. तोवर अर्जदार केस कापणार नाही, याची कृपया नोंद घेऊन उलट टपाली मंजुरी कळवावी, ही नम्र विनंती.’